फुकटचा वकील

आपला इतिहास सांगायचा म्हटलं की आपण चवदार तळ्यावरनं सुरुवात करतो. पाण्याला हात लागला तिथून. मी आज तीन वर्षं मागं जाणार आहे. परळला, गिरण्यांच्या चिमण्यांखाली. कारण ओंजळ भरायच्या आधी आपला माणूस एका टेबलापुढं उभा राहायला शिकला. हातात घडी घातलेला कागद, मालकाचा, सावकाराचा, नाहीतर कोर्टाचा. आणि तोंडात एकच प्रश्न, 'यात काय लिवलंय?'

हा प्रश्न फुकट विचारता येतो का, एवढाच माझा विषय.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. शिक्षण दहावी. कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून, आणि तिसऱ्या पाळीत तुटलेले धागे सांधता सांधता डोक्यात घोळवून. वकिली भाषा मला येत नाही. आली असती तर हा लेख तुम्हाला कळला नसता.

१९२३ साली बाबासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. सनद घ्यायला पैसा नाही. नवल भाथेना या पारशी मित्रानं हात दिला तेव्हा हायकोर्टात वकिली सुरू झाली. पण सुरू झाली म्हणजे काम मिळालं असं नव्हे. मोठ्या दाव्यांचं काम सॉलिसिटरच्या हातून यायचं, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कशाला देतील? म्हणजे बघा, एवढा कायदा शिकलेला माणूस कोर्टात रिकामा, आणि तिकडं परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत कायद्याचा एक शब्द न कळणारे हजारो. दोन्हीकडं गरज. मधे रस्ता नाही.

तो रस्ता १९२४ साली पडला. ९ मार्चला परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली. २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचं कार्यालय त्याच हॉलमध्ये आलं. हॉल आपला नव्हता. तो सोशल सर्व्हिस लीगचा. लीग १९११ साली ना. म. जोशींनी काढलेली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणारी. आता सभेची माणसं बघा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, हायकोर्टातलं बडं प्रस्थ. उपाध्यक्षांत बाळ गंगाधर खेर, धंद्यानं सॉलिसिटर, पुढं मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले तेच. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब. चिटणीस सीताराम शिवतरकर, पेशानं शाळामास्तर.

काही तरुण दोस्त मला तावातावानं विचारतात, 'आपल्या पहिल्या संस्थेच्या अध्यक्षपदी सवर्ण माणूस कशाला?' प्रश्न चुकीचा नाही. पण नीट बघितलं तर मांडणी कळते. एकाकडून जागा घेतली. दुसऱ्याकडून वजन घेतलं, सरकारदरबारी अर्ज वाचला जावा एवढं वजन. टेबल मात्र आपलं. त्या टेबलामागं बसणारा आपला, पुढं उभा राहणारा आपला. दया मागायला कुणी जात नव्हतं. गोरगरिबांच्या केसेस बाबासाहेबांनी फी न घेता चालवल्या, पण येणाऱ्याला भिक्षेकऱ्यासारखं वागवलं नाही. आणि सभेचं काम परळपुरतं राहिलं नाही. १९२५ च्या जानेवारीत आमच्या सोलापुरात सभेनं वसतिगृह काढलं. आमच्या भागातल्या पहिल्या शिकलेल्यांपैकी काही त्या वसतिगृहातून निघाले, आणि गावाकडं गेल्यावर तेच लोकांचे अर्ज लिहू लागले. कागद वाचणारा एक पोरगा वस्तीत आला म्हणजे काय होतं, हे पाटलाला आपल्या आधी कळलं होतं.

१९२४ सालाची आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. १ जुलै. त्या दिवशी कामगार नुकसानभरपाईचा कायदा अंमलात आला. साच्यात हात गेला, बोटं गेली, तर मालकानं पैसे द्यायचे. कायदा चांगला. पण ज्याची बोटं गेली त्याच्या वतीनं अर्ज कोण लिहिणार? कायदा सरकार करतं. तो वाचून दाखवणारा माणूस सरकार पुरवत नाही, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली होती.

त्याच साली मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. कायद्याच्या पुस्तकांत भारतातल्या मोफत कायदेशीर मदतीचा आरंभ म्हणून हिचं नाव छापतात. छापू द्या, चांगलंच काम होतं. पण त्याच साली, त्याच शहरात दामोदर हॉलमध्ये जे चाललं होतं त्याचा त्या पानावर पत्ता नाही. गरिबानं कायद्याचा सल्ला दुसऱ्याकडून घ्यायचा असतो, तो स्वतःची व्यवस्था उभी करत नसतो, अशी या पुस्तकवाल्यांची पक्की समजूत दिसते. मला याचा राग येतो. लेख लिहायला बसलो तो या रागापायीच.

आता तळ्यावर येऊ. २० मार्च १९२७ ला पाणी प्यालो. डिसेंबरात सवर्णांनी दावा ठोकला की तळं आमचं, अस्पृश्यांना हक्क नाही. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. परिषद भरली, मनुस्मृती जळाली, पण तळ्यावर जायचं थांबवावं लागलं. कोर्टाचा एक कागद हजारो माणसांच्या पायांपुढं आडवा पडला! दावा महाडच्या कोर्टात १९३१ ला फेटाळला. ते अपिलात गेले. १९३३ ला तिथं हरले. हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला तिथंही हरले. पुरातन काळापासून चालत आलेली रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. हिशेब करा. जिंकलेला पक्ष आपला, आणि जिंकायला लागली जवळजवळ दहा वर्षं. ज्याच्या कनवटीला पैसा आहे तो हरून हरून लढू शकतो. ज्याच्याकडं नाही तो एका तारखेला गैरहजर राहिला तरी संपला. बाबासाहेब स्वतः प्रतिवादी आणि स्वतः बॅरिस्टर, म्हणून ही दहा वर्षं निघाली. गावोगावच्या विहिरींसाठी बॅरिस्टर कुठून आणायचे?

स्वातंत्र्य आलं. घटना आली. मग समित्यांचा काळ आला, तो मी भराभर सांगतो कारण त्यात कागदच जास्त आहे. १९४९ साली मुंबई सरकारनं न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. गरिबांना कायदेशीर मदत आणि सल्ला द्यायला राज्यापासून तालुक्यापर्यंत समित्या असाव्यात, असं तिनं सुचवलं. १९५८ साली लॉ कमिशनचा चौदावा अहवाल आला, त्यातही हाच विषय. अध्यक्ष एम. सी. सेटलवाड, म्हणजे आपल्या हितकारिणी सभेच्या अध्यक्षांचे चिरंजीव. १९७० साली गुजरातनं समिती नेमली, अध्यक्ष न्यायमूर्ती पी. एन. भगवती, म्हणजे एन. एच. भगवतींचे चिरंजीव. १९७३ साली कृष्ण अय्यर समितीचा अहवाल. आमच्याकडं बाप गिरणीत आणि लेक गिरणीत. त्यांच्याकडं बाप समितीत आणि लेक समितीत. पंचवीस वर्षं अहवाल लिहिले गेले, आणि आमचा बाप तोवर कोऱ्या कागदावर अंगठे देत राहिला. तरी या माणसांची नियत खोटी होती असं मी म्हणणार नाही. विशेषतः कृष्ण अय्यर आणि धाकटे भगवती यांनी पुढं कोर्टात बसून जे केलं ते विसरण्यासारखं नाही.

१९७६ साली बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, सरकारनं मोफत कायदेशीर मदत द्यावी. वर्ष बघा. आणीबाणीचं. हजारो माणसं खटल्याशिवाय तुरुंगात, आणि घटनेत गरिबाला वकील! हा विनोद कुणी मुद्दाम केला नाही, पण झाला. मात्र कलम उरलं. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात आणि १९७९ साली बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्यात जीव भरला. वकील मिळणं हा कैद्याचा हक्क ठरला.

आता जरा थांबतो, कारण पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे.

१९८२ चा मे महिना. मुंबईत गिरण्यांचा संप चौथ्या महिन्यात. त्याच शहरात शीला बरसे नावाची पत्रकार बाई बॉम्बे सेंट्रल जेलात जाऊन स्त्री-कैद्यांना भेटली. पंधरा जणींशी बोलली. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, पोलिस लॉकअपमध्ये आम्हाला मारलं. बाईनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. साधं पत्र. कोर्टानं तेच याचिका म्हणून घेतलं. आणि खरं-खोटं बघायला कोर्टानं कुणाला पाठवलं? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला. पत्रकार, कॉलेज, कोर्ट, कायदेशीर मदत समिती, एवढे धागे एकत्र पिळले गेले तेव्हा १९८३ चा निकाल निघाला.

त्या निकालात लिहिलंय की पोलिसांनी वॉरंटाशिवाय कुणाला पकडलं की ताबडतोब जवळच्या कायदेशीर मदत समितीला कळवायचं. समितीनं लगेच मदतीला जायचं, आणि त्याचा पैसा राज्य सरकारनं द्यायचा. स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, राखणीला स्त्री-पोलिस. आणि अटकेतल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक मराठीत, हिंदीत, इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचं. नुसतं लावायचं नाही. आणलेल्या माणसाला कळेल त्या भाषेत वाचून दाखवायचं. 'यात काय लिवलंय?' या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टानं पोलिसावर सोपवलं! तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात असं पत्रक लागलेलं आहे का? मी एका ठाण्यात विचारलं तर हवालदार म्हणाला, 'तू कोण रे?' मी म्हणालो, 'अर्जदार.' तो शब्द त्याला अनोळखी नव्हता, माझ्या तोंडून मात्र असावा.

१९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलिस यांनी मिळून स्त्रिया आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडं गेली की तिथंच समाजकार्यकर्ती बसलेली, तिला काय करता येईल ते सांगणारी. पुढं ही पद्धत राज्यातल्या इतर जिल्ह्यांत गेली. माझं मत असं की चांगला वकील हा नंतरचा भाग. आधी बाकावर शेजारी बसून ऐकणारं माणूस लागतं. ते माणूस त्याच गावचं, त्याच बोलीचं असलं तर निम्मं काम तिथं होतं.

१९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेनं केला. अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. आठ वर्षं! पण आला तो मोठा आहे, आणि आपल्या पोरांनी त्याचं कलम १२ पाठ करावं अशी माझी इच्छा आहे. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, मूल, अपंग, कोठडीतला माणूस, वेठबिगार, औद्योगिक कामगार, या सगळ्यांना सरकारी खर्चानं वकील. उत्पन्नाची अट यांना नाही. उत्पन्नाची अट आहे ती यांत न बसणाऱ्या इतर गरिबांसाठी. म्हणजे मी दोनदा पात्र. जातीनं एकदा आणि साच्यानं एकदा.

इथं कुणीतरी विचारतं, 'आपण बौद्ध. आपल्याला अनुसूचित जातीचं धरतात का?' धरतात. १९५६ नंतर केंद्राच्या यादीत बौद्ध झालेला माणूस बसत नव्हता. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्ध त्यात आले. या बदलासाठी चौतीस वर्षं भांडावं लागलं, ते खिडकीवरच्या कारकुनानं 'तुम्ही तर हिंदू नाही' म्हटल्यावर मुकाट परत यायला नव्हे.

माझ्या आत्याचं सांगतो. गावाकडं आमच्या वाट्याला महार वतनाची दीड एकर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २'. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं गेली, जमिनी कब्जेदाराला परत मिळाल्या, पण अशी जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आत्याला हे कुठनं ठाऊक? पोरीच्या लग्नाला गावातल्या एकाकडून पैसे घेतले. त्यानं शंभराच्या स्टँपवर अंगठा घेतला आणि दुसऱ्या वर्षी शेतात नांगर घातला. सगळे म्हणाले, 'गेली जमीन. अंगठा दिलाय नव्हं?' सात वर्षं आत्या त्याच शेतात रोजानं खुरपायला जात होती. स्वतःच्या रानात!

मग तालुक्याच्या विधी सेवा समितीची एक स्वयंसेवक बाई वस्तीत आली. २००९ पासून असे स्वयंसेवक नेमायची योजना आहे. ही बाई अंगणवाडीत मदतनीस, शेजारच्याच गावची. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, 'मावशी, हे खरेदीखत न्हाई. ह्याला परवानगी कुठंय?' एवढंच. सात वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, शिकलेल्या आम्ही पोरांनीसुद्धा. आत्या म्हणाली, 'बाई, मला फी परवडायची न्हाई.' तर ती म्हणाली, 'फी न्हाई. तोंडी सांगितलं तरी अर्ज घेत्यात. उद्या एष्टीनं या.'

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या माणसानं उत्पन्नाचा दाखला मागितला. दाखला काढायला सेतूत गेलं की आठ दिवस आणि तीन खेपा. स्वयंसेवक बाईनं कलम १२ काढून पुढं ठेवलं. तो म्हणाला, 'बरं बरं, बसा.' वकील मिळाला. नवा पोरगा आहे, कधी तारखेला उशिरा येतो. या वकिलांना मानधन तुटपुंजं, म्हणून काहीजण केस हातावेगळी करायच्या मागं असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'फुकटचा वकील' ही शिवी लोकांनी उगाच केलेली नाही. पण आमच्याकडं आम्ही दोघं-तिघं प्रत्येक तारखेला जाऊन बसतो. माणसं मागं बसलेली दिसली की वकीलही नीट उभा राहतो. प्रकरण प्रांतसाहेबांपुढं चालू आहे. आत्या खुरपायला जायची थांबली आहे.

आता आपल्या चळवळीबद्दल कडू बोलतो. अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो छापून आणतो. मी स्वतः कविता वाचतो. आणि आठ दिवसांनी त्या घरातल्या म्हातारीला एकटीला कोर्टात जावं लागतं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. त्या नियमांत साक्षीला जायचा प्रवासखर्च आणि भत्ता आहे. पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी नामांकित वकील नेमू शकतात. २०१५ च्या दुरुस्तीनं १५-अ कलम घातलं. सामाजिक कार्यकर्त्यांची, संस्थांची, वकिलाची मदत घ्यायचा पीडिताला हक्क आहे, असं त्यात लेखी आहे. म्हणजे तुम्ही त्या म्हातारीबरोबर गेलात तर 'तू कोण रे' म्हणायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. किती जणांनी ती मागून घेतली? गावोगाव विचारत फिरलो तर बहुतेक घरांत वर्तमानपत्राचं कात्रण निघालं, प्रत निघाली नाही.

आमच्याकडं गेल्या वर्षापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारात टेबल मांडतो. जागा विहाराची. टेबल-खुर्च्या महिला मंडळाच्या. एक रिटायर तलाठी येतात, जातीनं मराठा, सातबारा त्यांच्याइतका कुणाला वाचता येत नाही. दोन वकील आलटून पालटून येतात. ती अंगणवाडीची बाई येते, आणि जे प्रकरण पुढं न्यायचं ते तालुका समितीकडं नेते. आम्ही गिरणीतली पोरं पाळी बदलून घेतो आणि वहीत नोंद करतो: कोण आलं, कागद कुठला, पुढची तारीख काय, बरोबर कोण जाणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा असला तर नाव पुढं सरकत नाही. पहिल्या रविवारी चौघं आले होते. त्यांतले तिघं नुसतं बघायला. आता दुपार पुरत नाही. पगारातून कापलेला पण न भरलेला फंड, राहत्या घराची नोंद, नवऱ्यानं टाकलेली बाई, बदली कामगाराला न मिळालेलं हजेरीपत्रक.

तुमच्या गावात मांडायचं असेल तर आधी तालुका कोर्टात जाऊन विधी सेवा समितीचं दार बघून या, वेळ विचारून या, तिथल्या स्वयंसेवकांची यादी मागा. फोनवर सल्ला हवा तर १५१०० हा नंबर आहे, देशभर एकच. लोकांना आधीच सांगून ठेवा, मूळ कागद घरी ठेवायचा आणि झेरॉक्स आणायची. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कुणालाच द्यायचा नाही, आपल्या टेबलावरसुद्धा. वही पक्क्या बांधणीची घ्या, पानं सुटी होणारी नको.